ऑर्डर पाठ आहे, पण वेटरने उलट विचारलं तर?

इंग्रजी शिकताना-शिकवताना येणाऱ्या अडचणींवर वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं. या वेळी बऱ्याच पत्रांत हॉटेलात इंग्रजीतून खायला-प्यायला मागवणं हाच विषय निघाला, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न: ताई, मी मोठ्या माणसांची स्पोकन इंग्लिशची संध्याकाळची बॅच घेते. ऑर्डर देण्याचा संवाद आम्ही इतका घोटतो की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. पण खरंच तशी वेळ आली की पहिलं वाक्य नीट जातं आणि मग समोरचा काहीतरी विचारतो आणि हे नुसते येस येस करत बसतात. कुठे कमी पडतंय?

उत्तर: घोटून घेण्यात काही कमी नाहीये, फक्त जे घोटून घेताय ते अर्धंच आहे. ऑर्डर देणं हा बोलण्याचा धडा म्हणून शिकवतात सगळे, आणि माझं ठाम मत आहे की तो आधी ऐकण्याचा धडा आहे. बघा ना, गिऱ्हाईक एकूण बोलतं किती? कुड आय हॅव द टोमॅटो सूप प्लीज, ॲन्ड अ ग्लास ऑफ वॉटर, थँक यू. झालं. वेटर मात्र तेवढ्यात चार-पाच प्रश्न टाकून मोकळा होतो आणि त्यातला एकही धड पूर्ण वाक्यात नसतो. पुस्तकातला वेटर म्हणतो वुड यू लाइक समथिंग टू ड्रिंक, खरा वेटर म्हणतो एनीथिंग टू ड्रिंक? पुस्तकात व्हॉट वुड यू लाइक असतं, खऱ्यात तो एकाची ऑर्डर लिहून घेतो, दुसऱ्याकडे बघतो आणि नुसतं ॲन्ड फॉर यू? म्हणतो. पाणी मागितलं तर स्टिल ऑर स्पार्कलिंग, म्हणजे साधं की बुडबुडेवालं. काउंटरवर फॉर हिअर ऑर टू गो, म्हणजे इथेच खाणार की बांधून नेणार, आणि तेही एका दमात, की कानाला सगळा एकच लांबलचक शब्द वाटतो. ज्याने हे आधी कधी ऐकलंच नाहीये तो येस म्हणणार नाही तर काय करणार.

यात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. 1977 मध्ये रॉजर शँक आणि रॉबर्ट एबलसन या दोन अभ्यासकांनी, ओळखीच्या प्रसंगात माणसाला न सांगितलेलं सुद्धा कसं कळतं हे समजावताना रेस्टॉरंटचंच उदाहरण घेतलं होतं. आत येणं, ऑर्डर देणं, खाणं, बाहेर पडणं, हा क्रम आपल्या डोक्यात तयारच असतो. तुमचे विद्यार्थी मोठे आहेत, हॉटेल त्यांना नवीन नाही, नवीन आहे ती फक्त भाषा. मग त्यांच्याकडूनच काढून घ्या, मराठीतून चालेल, की दारात शिरल्या शिरल्या काय विचारतील, मेनू हातात दिल्यावर काय, प्लेट उचलायला आल्यावर काय. फळ्यावर ते मांडून झालं की प्रत्येकाच्या पुढे इंग्रजी प्रश्न लिहा, पण जसा खरा वेटर विचारतो तसाच तुटक.

आता सराव. पहिल्या फेरीत विद्यार्थ्यांनी तोंड उघडायचंच नाही. तुम्ही वेटर व्हा, नेहमीच्या वेगात प्रश्न टाका, क्रम मोडून टाका, आणि त्यांनी फक्त फळ्यावर बोट दाखवून सांगायचं की हा प्रश्न कुठल्या टप्प्यावरचा. दुसऱ्या फेरीत एका शब्दात उत्तर, स्टिल प्लीज, टू गो प्लीज, एवढंच. पूर्ण वाक्य तिसऱ्या फेरीत. शिक्षकांना हे उलटं वाटतं, आधी वाक्य मग शब्द अशी सवय असते ना, पण एका शब्दात बरोबर उत्तर देणारा माणूस हॉटेलात उपाशी राहत नाही आणि तीन वाक्यं पाठ असलेला राहू शकतो.

येस येस का होतं त्याचंही एक कारण सांगते. मराठीत आपण चहा की कॉफी? विचारतो तेव्हा दोन्हीतलं एक निवडायचंय हे की मुळे लगेच कळतं, आणि चहा किंवा कॉफी काही घेणार का? म्हटलं तर हो-नाही चालतं. इंग्रजीत दोन्हीकडे ऑर च असतो, फरक असतो तो सुरात. टी वर आवाज चढला आणि कॉफी वर उतरला तर त्यातलं एक सांगा, दोन्हीकडे चढताच राहिला तर घेणार का काही एवढाच अर्थ. हा चढउतार हाताने हवेत दाखवून शिकवा, वर्गात थोडं हसतील, हसू दे. अमेरिकेत सूप ऑर सॅलड इतक्या भरभर विचारतात की ऐकणाऱ्याला सुपर सॅलड वाटतं आणि तो खुशीत येस म्हणतो, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचाही यात घोटाळा होतो हे वर्गात जरूर सांगा, घाबरणाऱ्यांना फार बरं वाटतं.

आणि नाही कळलं तर काय बोलायचं हे पहिल्याच दिवशी द्या, शेवटी नको. नुसतं सॉरी? म्हटलं तर समोरचा तेच वाक्य तितक्याच वेगात परत म्हणतो, उपयोग शून्य. जेवढं कळलं तेवढं परत म्हणायचं आणि पुढचं सोडायचं: सॉरी, स्टिल ऑर...? मग तो फक्त राहिलेला शब्द सांगतो, तोही सावकाश. विचार करायला वेळ हवा असेल तर कुड वी हॅव अ फ्यू मोअर मिनिट्स प्लीज. हे एक वाक्य तोंडात बसलं की वेटर डोक्यावर उभा आहे म्हणून घाईघाईत नको ते मागवणं बंद होतं.

प्रश्न: आय वॉन्ट अ कॉफी यात व्याकरणाची चूक काय आहे? आमचे सर दरवेळी टोकतात पण कारण सांगत नाहीत.

उत्तर: व्याकरणाची चूक काहीच नाही, म्हणून तर सरांना कारण सांगता येत नसेल. अडचण सुराची आहे. मराठीत एक कॉफी द्या म्हटलं की द्या मध्येच मान आला, वेगळं काही लावावं लागत नाही. इंग्रजीत गिव्ह ला असं आदराचं रूप नाही, त्यामुळे ते काम कुड, वुड आणि प्लीज यांना करावं लागतं. ते काढून टाकले की उरतं ते थोडं हुकूम सोडल्यासारखं लागतं.

तुम्हाला तीन पुरेत. आय्ड लाइक अ कॉफी प्लीज, कुड आय हॅव अ कॉफी प्लीज, आणि सगळे टेबलाशी बसून आपापलं सांगत असताना आय्ल हॅव द सूप. कॅन आय गेट अ कॉफी हे अमेरिकेत सर्रास चालतं, ब्रिटनमध्येही तरुण मंडळी म्हणतात, काही जुन्या लोकांच्या कानाला ते खटकतं पण कॉफी मिळते. एक जपायचं, आय्ड लाइक मधला तो ड अगदी ओझरता असतो आणि तो गाळला की होतं आय लाइक कॉफी, म्हणजे मला कॉफी आवडते. वेटर समजून घेईल, पण ऐकणाऱ्याला अर्थ स्वतः लावावा लागतो. ड पुढच्या ल ला चिकटवून म्हणायची सवय करा.

प्रश्न: कॉफी मोजता येत नाही असं शिकवतात, मग टू कॉफीज बरोबर कसं?

उत्तर: हॉटेलात कॉफी म्हणजे कप, त्यामुळे टू कॉफीज, थ्री टीज अगदी बिनधास्त. पाण्याला अ बॉटल ऑफ वॉटर किंवा अ ग्लास ऑफ वॉटर म्हणा, ते कधीच चुकत नाही. ब्रेडला मात्र टू ब्रेड्स नको, सम मोअर ब्रेड प्लीज. बाकी हा नियम वर्गात ताणत बसू नका, कॉफी थंड होते.

प्रश्न: मॅडम, मुलांना ब्रिटिश शब्द शिकवू की अमेरिकन? पुस्तक एक सांगतं आणि व्हिडिओ भलतंच.

उत्तर: बोलायला एक शिकवा, कुठलंही, आणि ओळखायला दोन्ही. बोलताना फारसं अडत नाही, बिल म्हणा की चेक म्हणा, आणि काहीच आठवलं नाही तर कुड आय पे प्लीज ने काम होतं. अडतं ते मेनू वाचताना, कारण शब्द तोच आणि वस्तू निराळी. यातला सगळ्यात फसवा शब्द आँत्रे. अमेरिकेत तो मुख्य पदार्थ, ऑस्ट्रेलियात तोच सुरुवातीचा छोटा पदार्थ. भूक लागलेल्या माणसाने ऑस्ट्रेलियात आँत्रे मागवलं तर पोट भरणार नाही. चिप्सचंही तसंच, ब्रिटनमध्ये चिप्स म्हणजे गरम तळलेले बटाट्याचे लांब तुकडे, ज्याला अमेरिकेत फ्राइज म्हणतात, आणि अमेरिकेतले चिप्स म्हणजे पाकिटातल्या कुरकुरीत चकत्या, ज्याला ब्रिटनमध्ये क्रिस्प्स म्हणतात. ब्रिटनमध्ये लेमनेड मागितलं तर बहुतेक वेळा गोड, पारदर्शक, गॅस भरलेलं पेय येतं, पिळलेल्या लिंबाचं सरबत नाही. पार्सल न्यायचं तर एकीकडे टेक अवे, एकीकडे टू गो.

ऐकण्यातलं एक सांगायलाच हवं. अमेरिकेत वेटर येऊन आर यू स्टिल वर्किंग ऑन दॅट? विचारतो, त्यात कामाचा काही संबंध नाही, अजून खाताय की प्लेट उचलू एवढंच त्याला हवंय. इथे येस म्हटलं तर प्लेट राहते, नो म्हटलं तर जाते. हे माहीत नसलं तर भरलेली प्लेट डोळ्यांदेखत निघून जाते.

प्रश्न: माझ्या वर्गात साठ मुलं आहेत, बाक हलवता येत नाहीत. रोल प्ले कसा घेऊ? दोघं पुढे येऊन बोलतात आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात.

उत्तर: पुढे बोलवूच नका कोणाला. बाकावरच तिघा-तिघांचे गट, दोन गिऱ्हाईकं आणि एक वेटर, सगळे एकाच वेळी बोलतील, गोंगाट होईल, होऊ दे, खऱ्या हॉटेलात तरी कुठे शांतता असते.

पण गोंगाटापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मुलांना एकमेकांना विचारायला खरं कारण हवं. दोघांच्याही हातात तोच छापील संवाद असेल तर कोणी कोणाचं ऐकतच नाही, आपली ओळ कधी येते तेवढं बघतात. म्हणून गिऱ्हाइकाला मेनू द्या आणि वेटरला वेगळी चिठ्ठी, त्यात लिहिलेलं असेल की सूप संपलंय, सँडविचबरोबर फ्राइज किंवा सॅलड येतं, कॉफी लहान आणि मोठी अशा दोन कपात मिळते. गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नाही. आता गिऱ्हाईक सूप मागणार, वेटर सॉरी, वी आर आउट ऑफ द सूप म्हणणार, आणि इथे पहिल्यांदा मूल स्वतःच्या डोक्याने वाक्य जुळवणार. ओह, ओके, देन आय्ल हॅव... त्या ओह, ओके साठीच एवढा सगळा खटाटोप. वेटरने ऑर्डर कागदावर लिहायची आणि शेवटी वाचून दाखवायची, सो दॅट्स वन सँडविच ॲन्ड टू कॉफीज, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथल्या तिथे कळते, तुम्हाला साठ ठिकाणी धावावं लागत नाही.

मग तोच खेळ माणसं बदलून परत घ्या. मुलं म्हणतील झालं की हे, तरी घ्या. तेच काम दुसऱ्यांदा करताना अडखळणं कमी होतं, काय बोलायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे कसं बोलायचं याकडे लक्ष जातं. मधेच थांबवून चुका सुधारू नका, वहीत टिपून ठेवा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये नेमक्या दोन-तीनच सांगा.

प्रश्न: हल्ली फोनवरून क्यूआर कोड स्कॅन करून ऑर्डर देता येते, बोलावंच लागत नाही. मग हा धडा ठेवायचा कशाला?

उत्तर: स्क्रीनवर सगळं सुरळीत असतं तोवर बोलायची गरज नाही हे खरंच आहे. पण जेवण उशिरा आलं, चुकीचं आलं, एखादी गोष्ट नको आहे आणि तसं बटणच नाही, तिथे माणसाशीच बोलावं लागतं. शिवाय हा धडा फक्त खाण्यापुरता नाहीये. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 साली भाषेच्या पातळ्यांची जी चौकट छापली, त्यात जेवण मागवता येणं हे ए2, म्हणजे खालून दुसऱ्या पातळीच्या व्यवहारात धरलंय, दुकानात वस्तू विकत घेणं, भाव विचारणं यांच्याच शेजारी. मागणं, निवडणं, नाही म्हणणं, परत विचारणं, हे सगळं एकाच टेबलाशी शिकून होतं आणि पुढे तिकीट खिडकीवर, औषधांच्या दुकानात तेच वापरायचं असतं.

प्रश्न: माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पहिल्यांदाच परदेशी जातोय, माझं इंग्रजी कामापुरतं आहे. हॉटेलात नेमकं काय बोलू? चुकलं तर काय होईल या विचाराने झोप लागत नाहीये.

उत्तर: तुमची काळजी अगदी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट क्रमाची. आपण आधी पदार्थ निवडतो आणि मग हळूच विचारतो की यात अमुक आहे का. तसं करू नका. बसल्या बसल्या, मेनू उघडायच्या आधी सांगा: माय सन हॅज अ पीनट ॲलर्जी. एवढं छोटं वाक्य, सावकाश आणि मोठ्याने. मग ते स्वतःच सांगतात की काय चालेल. ही डझन्ट लाइक पीनट्स किंवा नो पीनट्स प्लीज असं म्हणू नका, ते आवडीनिवडीचं वाटतं आणि वरचे दाणे बाजूला काढून तीच प्लेट पुढे येऊ शकते. ॲलर्जी हा शब्द आलाच पाहिजे.

दुसरं, शेंगदाणा म्हणजे पीनट, नुसतं नट म्हणून भागत नाही. शेंगदाणा ही खरं तर शेंग आहे, आणि ॲलर्जीच्या याद्यांमध्ये पीनट्स वेगळे आणि बदाम, काजू, अक्रोड वगैरे ट्री नट्स वेगळे लिहितात. मुलाला दोन्हींचा त्रास असेल तर दोन्ही नावं घ्या. युरोपीय संघाच्या यादीत ॲलर्जीचे 14 घटक आहेत, ब्रिटनमध्येही तेच, आणि तिथे डिसेंबर 2014 पासून रेस्टॉरंटनेही विचारल्यावर ही माहिती देणं बंधनकारक आहे, त्यामुळे विचारायला संकोच करू नका. अमेरिकेत पॅकबंद पदार्थांच्या लेबलसाठी जी यादी आहे तिच्यात 1 जानेवारी 2023 पासून तीळ धरून 9 घटक आहेत. लेबलवर कन्टेन्स म्हणजे आहेच, मे कन्टेन म्हणजे असू शकतं. तुमच्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच धरा, नको.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. नाहीत ना असा प्रश्न इंग्रजीत विचारू नका. यात शेंगदाणे नाहीत ना? म्हटलं की मराठीत उत्तर येतं हो, नाहीत, आणि आपल्याला बरोबर कळतं. इंग्रजीत देअर आर नो पीनट्स इन धिस? असं विचारलं आणि वेटर मान हलवत येस म्हणाला, तर ते येस म्हणजे आहेत की नाहीत? तो एक समजेल, तुम्ही दुसरंच. सरळ विचारा, डझ धिस कन्टेन पीनट्स? येस म्हणजे आहेत, नो म्हणजे नाहीत, मधे काही नाही. आणि तो आय डोन्ट थिंक सो म्हणाला तर ते नो नव्हे, मला वाटत नाही एवढंच ते. तेव्हा कुड यू चेक विथ द किचन प्लीज? हे वाक्य पाठ करून ठेवा. लेट मी चेक म्हणून आत जाणारा वेटर म्हणजे चांगला वेटर, उशीर झाला तरी थांबा.

हे सगळं एका कार्डावर इंग्रजीत छापून घ्या आणि बोलण्याबरोबर तेही हातात द्या, म्हणजे ते स्वयंपाकघरापर्यंत जातं. जिथे जाताय तिथली भाषा इंग्रजी नसेल तर त्या भाषेतलंही एक घ्या. डॉक्टरांनी दिलेलं औषध सोबत असतंच, ते सामानात नको, हाताशी ठेवा. आणि नक्की उत्तर मिळालं नाही तर तिथे खाऊ नका, थँक यू म्हणून उठायचं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

प्रश्न: चुकीचा पदार्थ आला तर माझे विद्यार्थी गपचूप खातात. भांडण न वाटता कसं सांगायचं?

उत्तर: धिस इज राँग ने सुरुवात केली की समोरचा लगेच बचावात जातो. एक्स्क्यूज मी, आय थिंक आय ऑर्डर्ड द सॅलड, एवढं पुरतं, आय थिंक ने धार जाते आणि मुद्दा तसाच राहतो. बिलात गडबड असेल तर कुड यू चेक धिस प्लीज? म्हणत त्या ओळीवर बोट ठेवा. नेहमीच्या सरावात ही तक्रार मुद्दाम घाला, दर फेरीत एका वेटरने चुकीचंच आणायचं.

एक जागा मात्र नीट करून घ्या. वेटर ओह, आय्म सो सॉरी म्हणतो आणि आपले लोक संकोचून लगेच इट्स ओके म्हणतात. त्याचा अर्थ असाही होतो की चालेल, हेच खातो, आणि तो निघून जातो. त्याऐवजी थँक यू, आय्ल वेट म्हणायला शिकवा आणि म्हणतानाच प्लेट थोडी पुढे सरकवायला लावा.